शेजारचा राउटर बंद पडल्याचे लगेच कसे ओळखावे: एफआरआरमध्ये बीएफडी सुरू करणे

दोन राउटर एकाच केबलने थेट जोडलेले असतील, तर केबल निघताच दोघांनाही ते कळते. पण मध्ये स्विच असेल, तर पलीकडची केबल निघाल्यावरही आपल्या पोर्टचा दिवा हिरवाच राहतो. बीजीपी (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल) याचा होल्ड टाइम, म्हणजे शेजाऱ्याकडून काहीच न आल्यास वाट पाहण्याची मुदत, १८० सेकंद असल्यास आपला राउटर तीन मिनिटांपर्यंत मेलेल्या वाटेवर पॅकेट पाठवत बसतो. ही उणीव बीएफडी (बायडायरेक्शनल फॉरवर्डिंग डिटेक्शन) भरून काढते. २०१० साली आरएफसी ५८८० (इंटरनेट मानकांच्या मालिकेतील दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झालेला हा प्रोटोकॉल शेजाऱ्याशी सतत छोट्या पॅकेटांची देवाणघेवाण करतो. येथे लिनक्सवरील एफआरआर (लिनक्स यंत्राला राउटर बनवणारे मुक्त सॉफ्टवेअर) आणि थेट जोडलेला बीजीपी शेजारी गृहीत धरला आहे.

प्रथम एफआरआरची ‘डेमन्स’ ही फाईल उघडून ‘बीएफडीडी’ (बीएफडी चालवणारा प्रोग्राम) समोरील ‘नो’ च्या जागी ‘येस’ लिहावे आणि सेवा पुन्हा सुरू करावी. या क्षणी चालू बीजीपी सेशन तुटतात, म्हणून हे काम रात्रीच्या ठरलेल्या वेळेतच करावे. फायरवॉल असल्यास दोन्ही राउटरवर यूडीपी ३७८४ हा पोर्ट खुला करावा.

त्यानंतर व्हीटीवायएसएचमध्ये (एफआरआरला कमांड देण्याची खिडकी) जाऊन ‘राउटर बीजीपी’ विभागात ‘नेबर १९२.०.२.२ बीएफडी’ अशी कमांड द्यावी (पत्ता अर्थातच आपल्या शेजाऱ्याचा). हीच कमांड पलीकडच्या राउटरवर आपला पत्ता घालून द्यावी लागते, आणि चूक बहुधा येथेच होते. एकाच बाजूला बीएफडी लावली तरी बीजीपी सुरळीत चालू दिसतो, त्यामुळे काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात बीएफडी सेशन कधी उभेच राहिलेले नसते. म्हणून ‘शो बीएफडी पीअर्स’ या कमांडने स्थिती ‘अप’ असल्याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता वेळेचा हिशेब. एफआरआरमध्ये दोन पॅकेटांमधील मूळ अंतर ३०० मिलिसेकंद आणि गुणक (सलग किती पॅकेटे चुकू द्यायची तो आकडा) ३ असतो, म्हणजे ९०० मिलिसेकंद काहीच आले नाही की शेजारी गेला असे धरले जाते. मात्र दोन्हीकडचे आकडे वेगळे असतील, तर त्यांतील संथ अंतर लागू होते: पलीकडचा राउटर १००० मिलिसेकंदांनी पॅकेट पाठवत असेल आणि त्याचा गुणक ३ असेल, तर आपल्याला कळायला तीन सेकंद लागतील. ५० मिलिसेकंदांचा मोह मात्र टाळावा. आभासी मशिनवर सीपीयूवर क्षणभर ताण आला तरी पॅकेट रखडतात आणि धडधाकट सेशन पडते. माझ्या मते ३०० पासून सुरुवात करावी आणि आठवडाभर लॉग शांत राहिला, तरच आकडा खाली आणावा.

चाचणीसाठी पलीकडच्या राउटरची केबल स्विचमधून काढावी. आपल्या पोर्टचा दिवा हिरवाच असताना सुमारे सेकंदभरात बीजीपी सेशन पडलेले दिसले पाहिजे. केबल परत लावल्यावर बीएफडीची स्थिती ‘डाउन’वरून ‘इनिट’मार्गे ‘अप’वर येते, हे बदल इतक्या झटपट होतात, की ‘इनिट’ कधी कधी दिसतही नाही.