इमेज एडिटरसाठी प्लगइन लिहायचंय? भाषा अशी निवडा

प्लगइन लिहायचं ठरलं की बहुतेक जण आधी विचारतात, "पायथन घेऊ की सी प्लस प्लस?" हा प्रश्न तिसरा-चौथा यायला हवा. प्लगइन म्हणजे एडिटरमध्ये बसून त्याला नवं काम शिकवणारा, थोडक्यात दुसऱ्याच्या घरात राहणारा कोड. घरमालकाला कोणती भाषा कळते आणि तुमचा कोड स्वतः पिक्सेलना हात लावणार आहे का, एवढं ठरलं की भाषेचा बराचसा निकाल लागलेला असतो.

पायरी १: एडिटरला कोणत्या भाषा चालतात ते बघा

गिम्पमध्ये सी, पायथन आणि स्क्रिप्ट-फू हे तीन रुळलेले रस्ते आहेत. स्क्रिप्ट-फू म्हणजे स्कीम भाषा, कंसांचं जंगल. मार्च २०२५ मध्ये गिम्प ३.० आलं आणि पायथन २ मध्ये लिहिलेली जुनी प्लगइन्स त्यात जशीच्या तशी चालेनाशी झाली. आता पायथन ३ लागतं. त्यामुळे नेटवरचा एखादा धडा उघडलात आणि पहिल्याच ओळीत 'गिम्पफू' मॉड्यूल आयात केलेलं दिसलं, तर पुढे वाचू नका. तो धडा जुन्या गिम्पचा आहे.

फोटोशॉपमध्ये आजचा मार्ग यूएक्सपी या अडोबीच्या प्लगइन-रचनेचा, म्हणजे जावास्क्रिप्टचा. त्याआधीचं एक्स्टेंडस्क्रिप्टही जावास्क्रिप्टच्याच घराण्यातलं, पण फार जुन्या वळणाचं. थेट पिक्सेलवर चालणारे भारी फिल्टर मात्र सी प्लस प्लसमध्ये लिहितात. त्यांच्या '८बीएफ' फाइल्स विंडोजवर इरफानव्ह्यू, पेंटशॉप प्रो यांसारख्या इतर प्रोग्रॅममध्येही चालू शकतात, हा वरचा फायदा.

क्रिटाने २०१८ च्या ४.० आवृत्तीत पायथन आणलं. आतल्या खोल कामाला सी प्लस प्लस आहेच. पेंट डॉट नेटला सी शार्प, डार्कटेबलच्या स्क्रिप्टना लुआ. सूक्ष्मदर्शकाची चित्रं मोजण्यासाठी संशोधक वापरतात ते इमेजजे जावाचं.

यादीत तुम्हाला येणारी भाषा असेल तर तीच घ्या. नवी भाषा आणि नवी प्लगइन-रचना एकदम शिकायला बसलात, तर चूक कुठे झाली हेच कळत नाही.

पायरी २: प्लगइन हुकूम सोडणार की स्वतः राबणार?

समजा तुम्हाला शंभर फोटो उघडून, आकार लहान करून, कोपऱ्यात नाव टाकून सेव्ह करायचेत. इथे तुमचा कोड फक्त सांगतो: उघड, लहान कर, नवा लेअर घाल, सेव्ह कर. खरे कष्ट एडिटर करतो आणि त्याचं इंजिन आधीच वेगवान आहे. अशा कामाला पायथन, जावास्क्रिप्ट, लुआ काहीही चालतं. हे सी मध्ये लिहिणं म्हणजे वेळ घालवणं.

आता समजा तुम्हाला स्वतःचा ब्लर हवाय, जो एडिटरमध्ये नाही. प्रत्येक पिक्सेल तुमच्या कोडमधून जाणार. इथे मात्र हिशेब करावा लागतो.

पायरी ३: हिशेब मांडा

६००० बाय ४००० चा फोटो म्हणजे २.४ कोटी पिक्सेल. लाल, हिरवा, निळा धरले तर ७.२ कोटी आकडे. साध्या पायथन लूपला पिक्सेलमागे अर्धा ते एक मायक्रोसेकंद जरी धरला, तरी चित्रावरून एकदा फिरायला १२ ते २४ सेकंद. तेच सी मध्ये डोळ्याची पापणी लवते तोवर होतं. आणि प्रत्येक पिक्सेल मागायला एडिटरचं फंक्शन बोलावलंत तर विचारूच नका. पिक्सेल सुटे मागू नयेत, अख्खा तुकडा एकदम उचलावा.

पण लगेच भाषा बदलायला धावू नका. ५० त्रिज्येचा सरळसोट सरासरीचा ब्लर घ्या. खिडकी, म्हणजे पिक्सेलभोवतीचा ज्याची सरासरी काढायची तो चौकोन, १०१ बाय १०१ ची. म्हणजे एका पिक्सेलसाठी १०,२०१ शेजारी वाचायचे. हाच ब्लर आधी आडवा आणि मग उभा असा दोन फेऱ्यांत केला तर १०१ अधिक १०१, म्हणजे २०२ वाचनांत भागतं. काम पन्नास पटींनी कमी झालं, आणि अजून भाषेला हातही लावलेला नाही. त्याहून पुढे, बेरीज सरकती ठेवली (नवा पिक्सेल मिळवा, मागे पडलेला वजा करा) तर त्रिज्या कितीही असो, खर्च जवळपास तेवढाच राहतो. वाईट रीतीने लिहिलेलं सी चांगल्या रीतीने लिहिलेल्या पायथनपुढे हरताना मी पाहिलंय.

पायरी ४: सी कडे जाण्याआधी नमपाय

पायथनमध्ये नमपाय, म्हणजे आकड्यांच्या मोठ्या तक्त्यांवर झटपट गणित करणारी लायब्ररी, वापरलं तर लूप तुमच्याऐवजी तिच्या आतला कंपाइल केलेला (आधीच यंत्रभाषेत उतरवलेला) कोड फिरवतो आणि बहुतेक फिल्टरना तेवढा वेग पुरतो. अडचण एकच: एडिटर बऱ्याचदा स्वतःचं पायथन सोबत घेऊन येतो. तुमच्या मशीनवर नमपाय आहे म्हणजे ते एडिटरला सापडेलच असं नाही. म्हणून पहिली स्क्रिप्ट फक्त नमपाय आयात करणारी लिहा. तिथेच त्रुटी आली तर दोन आठवड्यांनी कळण्यापेक्षा बरं.

पायरी ५: कोसळलं तर काय, आणि वाटायचं कसं

गिम्पमध्ये प्लगइन वेगळी प्रोसेस म्हणून चालतं. ते कोसळलं तरी गिम्प सहसा उभं राहतं. फोटोशॉपचा सी प्लस प्लस फिल्टर प्रोग्रॅमच्या पोटातच चालतो. मेमरीत एक चुकीचं पाऊल पडलं की वापरणाऱ्याचं सेव्ह न केलेलं कामही सोबत जातं. शिवाय कंपाइल केलेलं प्लगइन विंडोज, मॅक, लिनक्स प्रत्येकासाठी वेगळं बांधावं लागतं. पायथनची फाइल बहुधा तशीच्या तशी पाठवता येते. एकट्याने, हौसेने लिहिणार असाल तर हा मुद्दा वेगापेक्षा जड आहे.

पायरी ६: ठरवण्याआधी छोटं प्लगइन करून बघा

आधी काहीच न करणारं प्लगइन मेनूत दिसतंय का ते पाहा. हसू नका, नवशिक्याची पहिली संध्याकाळ इथेच जाते. गिम्प ३ मध्ये प्लगइनची फाइल त्याच नावाच्या फोल्डरमध्ये लागते, आणि लिनक्सवर तिला चालवण्याची परवानगी द्यावी लागते. क्रिटामध्ये पायथन फाइल्ससोबत एक 'डॉट डेस्कटॉप' फाइल लागते, वर सेटिंग्जमध्ये जाऊन प्लगइन सुरू करावं लागतं. इमेजजेमध्ये प्लगइनच्या नावात अंडरस्कोर नसेल तर ते मेनूत येतच नाही. त्या एका आडव्या रेघेपायी माझी अर्धी रात्र गेली होती, आणि कोड पहिल्यापासून बरोबर होता.

मग एक बारका फिल्टर लिहा: लाल रंग निम्मा करणारा. रंग उलटे करणारा घेऊ नका, कारण तिथे चॅनेलचा (लाल, हिरवा, निळा या रंगांचा) क्रम चुकला तरी चित्र बरोबरच दिसतं. क्रिटा ८ बिटच्या आरजीबी चित्रात पिक्सेल देताना निळा आधी देतो, मग हिरवा, लाल आणि शेवटी पारदर्शकता. हे माहीत नसेल तर लाल फूल जसंच्या तसं राहतं आणि आकाश काळवंडतं. तपासायला ३०१ बाय २०३ असं अडनिड्या मापाचं चित्र घ्या, एक पारदर्शक लेअर असलेलं घ्या, एक १६ बिटचं घ्या. निवड केलेल्या भागाबाहेर रंग सांडतोय का तेही बघा.

शेवटी तुमच्याकडचं सगळ्यात मोठं चित्र उघडून घड्याळ लावा. दोन-तीन सेकंदांत काम होत असेल तर आहे तीच भाषा ठेवा. होत नसेल तर अख्खं प्लगइन पुन्हा लिहू नका. वेळ खाणारं फंक्शन शोधा. ते बहुधा एकच असतं. पायथनमधून तेवढंच सी मध्ये हलवता येतं, आणि यूएक्सपी प्लगइनलाही सी प्लस प्लसचा तुकडा जोडता येतो. मेनू, खिडक्या, बटणं जिथे आहेत तिथेच राहू द्या.