हलक्या फायबर बोटीची तपासणी: आधी डोलकाठीची खोबण

आयएलसीए, म्हणजे एका माणसाने चालवायची शिडाची बोट; तिचं आधीचं नाव लेझर. रिकामी बोट साधारण ५९ किलोची. तिच्या डोलकाठीला तारांचा आधार नसतो, त्यामुळे शिडाचा सगळा ताण डेकमधल्या खोबणीवर येतो. खोबणीचा बुडाकडचा जोड सुटला, तर भर वाऱ्यात काठी डेक फाडून निघते. म्हणून खडकवासल्याच्या पाण्यात बोट उतरवण्याआधी पहिली तपासणी इथेच करा.

बोट सपाट ठेवून खोबण पाण्याने भरा, पातळीला पेन्सिलने खूण करा आणि १५ मिनिटं थांबा. पातळी थोडी जरी उतरली, तरी दुरुस्तीशिवाय बोट पाण्यात उतरवू नका. मग काठीचा खालचा तुकडा बसवून पुढे-मागे ओढा. बुडाशी हालचाल किंवा करकर जाणवली, तर जोड सैल झालाय.

गळती शोधायला सांध्यांवर साबणाचं पाणी लावा आणि बुचाच्या भोकातून नळीने तोंडाने हवा फुंका. कॉम्प्रेसर मुळीच जोडू नका. ०.१ बार दाब म्हणजे एका चौरस मीटरवर सुमारे एक टनाचा जोर, त्याने डेक आणि बुडाचा जोड उसवतो.

डेकवर नाण्याने टकटक करा. खणखणीत आवाजाच्या मधे बोदा आवाज आला, तर तिथे डेकच्या आतल्या फोमपासून फायबर सुटलंय. असा भाग ओला असताना वरून बुजवला, तर पाणी आतच राहतं आणि सुटलेला भाग पसरत जातो. आधी पूर्ण वाळवा.

दुरुस्तीत घाई होते ती घासण्यात. खराब भागाभोवती फायबरच्या जाडीच्या १२ पट रुंद उतार घासून काढायला हवा: ३ मिमी फायबरला चहूबाजूंनी ३६ मिमी. चिकटवायला इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) वापरा, ती बोटीच्या जुन्या पॉलिएस्टर रेझिनला चांगली धरते. उलट, इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. कापड विणलेलं घ्या. सुट्या तंतूंच्या साध्या फायबर चटईतला बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकानेच विरघळतो, इपॉक्सीने नाही. हार्डनर वजनकाट्यावर मोजा, अंदाजाने नको. पुण्याच्या जुलैतल्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येऊ शकतो. पुढचा पदर चढवण्यापूर्वी तो साध्या पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने धुवा, नुसतं घासलं तर तो आत रगडला जातो. सिलिकॉन या कामात आणूच नका, त्याचा अंश राहिला तरी नंतर रेझिन चिकटत नाही.

शेवटी बोटीचं वजन करा. दुरुस्तीच्या मानाने ते जास्तच वाढलेलं दिसलं, तर आत पाणी आहे: एक लिटर म्हणजे एक किलो.