पवनचक्क्यांचा नकाशा ठरण्याआधी गावाशी कसं बोलावं

वारा मोजायचा खांब माळावर उभा राहिला की संध्याकाळपर्यंत गावात चर्चा सुरू होते, आणि माहिती नसेल तर अफवा ती जागा भरून काढतात. म्हणून पहिली भेट खांब रोवण्याआधी झाली पाहिजे. निदान वर्षभराच्या नोंदी हाती आल्याशिवाय वाऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. तेच वर्ष गावाशी बोलण्यासाठी वापरा, कारण तेव्हा नकाशा अजून पेन्सिलीत असतो.

गावात पाऊल टाकण्यापूर्वी एका कागदावर तीन रकाने आखा: ठरलेलं, बदलता येण्यासारखं आणि अजून न कळलेलं. मनोऱ्यांची संख्या, उंची, नेमक्या जागा, पोचरस्ता, कामाच्या वेळा, गावाचा आर्थिक वाटा, एवढं तरी दुसऱ्या रकान्यात हवं. तो रकाना रिकामा असेल तर त्या सभेला सल्लामसलत म्हणू नका, माहिती द्यायला आलो आहोत असं स्पष्ट सांगा. ठरून गेलेल्या गोष्टीवर मत विचारलं जातंय हे लोकांना पहिल्या दोन उत्तरांतच कळतं, आणि मग पुढच्या सभेला कोणी येत नाही.

कोणाला विचारायचं

सगळ्यात मोठी चूक इथे होते: जमीनमालकांशी करार झाले म्हणजे गावाशी बोलणं झालं, असं धरलं जातं. भाडं मालकाला मिळतं, आवाज आणि सावली बांधापलीकडच्या घराला. त्यात करार गुपचूप झाले असतील तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कायमची तेढ पडते. कराराचा नमुना सर्वांना वाचायला द्या आणि गुप्ततेचं कलम घालू नका.

नकाशावर प्रत्येक नियोजित मनोऱ्याभोवती पात्यांच्या फेऱ्याच्या व्यासाच्या दहापट त्रिज्येचं वर्तुळ काढा. १५० मीटर व्यास असेल तर दीड किलोमीटर. त्यातल्या प्रत्येक घरी सभेआधी प्रत्यक्ष जा. शेजारच्या गावाची हद्द मध्ये आली तरी वर्तुळ तिथे थांबत नाही. शिवाय वाहतुकीच्या रस्त्यावरची गावं धरा. ७० मीटरचं अखंड पातं वळणावरून न्यायचं तर कुंपणं, झाडं, विजेचे खांब हलवावे लागतात, आणि त्या गावाला पवनचक्कीतून काहीच मिळणार नसतं.

कुळं, शेतमजूर आणि गुरं चारणारे कागदोपत्री कुठेच दिसत नाहीत, म्हणून त्यांना शोधून काढावं लागतं. नॉर्वेत फोसेन इथे सामी हे तिथले आदिवासी लोक रेनडियर चारतात. तिथल्या स्टोरहाइआ आणि रोआन प्रकल्पांचे परवाने त्यांच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करतात, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिला. तोवर १५१ पवनचक्क्या फिरू लागल्या होत्या. चराईच्या वाटा त्या वाटांनी जाणाऱ्यांसोबत चालून नकाशावर उतरवा. बायकांची बैठक त्यांच्या सोयीच्या वेळी वेगळी घ्या. पाण्याचा, रात्रीच्या झोपेचा, मुलांच्या शाळेच्या वाटेचा विषय तिथे मोकळेपणाने निघतो.

उंची, आवाज, सावली

उंची सांगताना पात्याच्या टोकापर्यंतची सांगा. मनोरा १२० मीटर आणि पातं ७५ मीटर, म्हणजे एकूण १९५. पत्रकात फक्त १२० छापलं तर नंतर कोणताच आकडा खरा मानला जात नाही. चित्रांचंही तसंच. वाइड अँगल भिंगाने काढलेल्या फोटोवर पवनचक्क्या बसवल्या की त्या प्रत्यक्षात दिसतील त्याहून लहान वाटतात. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर भिंग वापरा, छपाई मोठी करा आणि चित्र किती अंतरावरून पाहायचं ते त्यावरच लिहा. फोटो कुठून काढायचा ते गावाला ठरवू द्या.

आवाजाबद्दल ‘काही ऐकू येणार नाही’ असं कधीही म्हणू नका. मोकळ्या रानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पण खरी अडचण रात्रीची आहे: जमिनीलगत वारा पडलेला असतो, पानही हलत नाही, आणि शंभर मीटर वर मात्र पाती जोरात फिरत असतात. आवाज झाकणारा दुसरा आवाजच उरत नाही आणि ती ‘सूं-सूं’ लय स्पष्ट ऐकू येते. म्हणून लोकांना चालू प्रकल्पावर न्यायचं तर रात्री न्या, वारा चक्कीकडून आपल्याकडे येईल अशा बाजूला, आणि त्यांच्या घराचं जेवढं अंतर असेल तेवढ्यावर उभं करा. दिवसाच्या सहलीवर नंतर कोणी विश्वास ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी पवनचक्क्यांच्या आवाजाची दिवस-रात्रीची भारित सरासरी (जिच्यात संध्याकाळ-रात्रीचा आवाज जास्त धरतात) ४५ डेसिबलखाली ठेवावी असं सुचवलं आहे. मूळ शांततेची मोजणीही काम सुरू होण्याआधीच, काही आठवडे, घरमालकाच्या संमतीने आणि त्याच्या देखत माइक लावून करा. ती नसेल तर पुढचा वाद मिटवायला आधारच राहत नाही.

सूर्य पात्यांमागे आला की त्यांची सावली घरांवर पडते. मिनिटाला १२ फेरे आणि तीन पाती म्हणजे ती मिनिटाला ३६ वेळा खिडकीवरून सरकते. जर्मनीत वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटं ही मर्यादा पाळतात. त्यापुढे चक्की आपोआप थांबवण्याची सोय करता येते. प्रत्येक घराला त्याच्या स्वतःच्या तारखा आणि वेळांचा तक्ता द्या.

बैठक आणि वही

मंच आणि माइकची एकच मोठी सभा घेतली तर चारच माणसं बोलतात. बारा-पंधरा जणांचे गट करा आणि प्रत्येक गटात नकाशावर खुणा करायला पेन्सिल द्या. उत्तरं द्यायला अभियंता हजर हवा. जमिनीचे व्यवहार पाहणाऱ्या मध्यस्थावर हे काम सोपवू नका. प्रश्नांची वही ठेवा: क्रमांक, विचारणाऱ्याच्याच शब्दांत प्रश्न, उत्तर कोण देणार, कोणत्या तारखेला. दर पंधरा दिवसांनी तिची प्रत सर्वांना दिसेल अशा जागी लावा.

पैशाचा विषय जागा आणि अंतरं बोलून झाल्यावरच काढा, नाहीतर होकार विकत घेतल्यासारखं होतं. नुकसानभरपाई आणि गावाचा वाटा वेगळे ठेवा. डेन्मार्कने २००९ च्या कायद्याने निदान २० टक्के हिस्सा स्थानिकांना विकत घेण्यासाठी देऊ करणं बंधनकारक केलं, त्यात ४.५ किलोमीटरच्या आतल्यांना पहिला हक्क होता. २०२० साली त्याऐवजी जवळच्या घरांना दरवर्षी रक्कम देण्याची पद्धत आली. आम्हाला दुसरी पद्धत जास्त न्याय्य वाटते, कारण हिस्सा घ्यायला आधी हातात पैसा लागतो. जर्मनीत २.५ किलोमीटरच्या परिघातल्या स्थानिक संस्थांना विजेच्या युनिटमागे ०.२ सेंटपर्यंत देता येतात.

शेवट कसा होणार तेही आताच लिहून घ्या. आयुष्य साधारण २० ते ३० वर्षं. फायबरग्लासची पाती सहजासहजी पुनर्वापरात जात नाहीत, आणि पायाचं काँक्रीट बहुधा वरून मीटरभरच काढतात. बाकीचं जमिनीत राहणार का, वरची सुपीक माती कुठे साठवणार, काढण्याच्या खर्चाची बँक हमी कोणाच्या नावे असेल, हे करारात असू द्या.

बदललेला नकाशा घेऊन परत जा आणि जे मान्य केलं नाही त्याचं कारणही सांगा. गावाने नाहीच म्हटलं तर ते उत्तर अहवालात जसंच्या तसं जाऊ द्या.

चक्क्या सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी प्रत्येक घरी तक्रारीचे छापील कागद ठेवा: तारीख, वेळ, कोणत्या खोलीत, कसा आवाज. यंत्रणेत दर दहा मिनिटांची वाऱ्याची दिशा आणि वेग नोंदलेला असतो. दोन्ही जुळवलं की नेमका कोणता मनोरा, कोणत्या वाऱ्यात त्रास देतो ते कळतं, आणि तेवढ्या वेळापुरता त्याचा वेग उतरवता येतो.