वादळानंतर इमारतीची पाहणी करताना या चुका टाळा

वादळ ओसरल्यावर पाहणीला निघालेले बहुतेक जण उडालेले पत्रे आणि फुटलेल्या काचा मोजतात आणि जे जागेवर दिसते ते धड आहे असे गृहीत धरतात. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. वारा छप्पर वर उचलू पाहतो आणि ही ओढ कोपऱ्यांत, वळचणीला व आढ्याजवळ सर्वाधिक असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि तो भार पत्र्याकडून स्क्रू, पर्लिन (पत्रे ज्यांवर बसवतात त्या आडव्या पट्ट्या), कैची (छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा), भिंत या क्रमाने पायापर्यंत उतरतो. म्हणून पाहणीही याच क्रमाने, एकेका सांध्यावर थांबत करावी. स्क्रूचे भोक लांबट झाले आहे का, त्याच्या कडेला केसासारखे तडे आहेत का, कैचीचे बोल्ट भिंतीतून वर सरकले आहेत का, हे दुरून पाहून कळत नाही. डिसेंबर १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराला ट्रेसी चक्रीवादळाने झोडपले, तेव्हा वारंवार हिसके बसून स्क्रूंभोवतीचा पत्रा थकून फाटणे हे छपरे उडण्याचे एक मोठे कारण ठरले. अशा अर्धवट थकलेल्या पत्र्याला पुढचे वादळ साधे असले तरी पुरते.

वाऱ्याच्या समोरची बाजू तपासून परतणे हीदेखील नेहमीची चूक आहे. मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर वाऱ्याची ओढ बाहेरच्या दिशेने असते. समोरचा दरवाजा किंवा मोठी खिडकी फुटली असेल, तर आत घुसलेल्या हवेने छपराला खालूनही रेटलेले असते. अशा वेळी छताचे सांधे आतून पाहिल्याशिवाय पाहणी पूर्ण मानू नये.

जुन्या आणि नव्या तड्यांची गल्लत केल्यास विम्याच्या दाव्यातही अडचण येते. जुन्या तड्यात धूळ किंवा रंग शिरलेला असतो, तर ताज्या तड्याच्या कडा स्वच्छ व धारदार असतात. मात्र जुना तडा वादळात रुंदावलेलाही असू शकतो, त्यामुळे तो लगेच बाद करू नये. पूर्वी सहज लागणारा दरवाजा आता अडकत असेल, तर बिजागरी दुरुस्त करण्याआधी भिंतीला ओळंबा लावून ती कलली आहे का ते पाहावे.

तुटलेल्या वीजतारा आसपास असतील, तर वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत आत जाऊ नये. मुख्य स्विच बंद केला तरी सौर पॅनेल उजेडात वीज निर्माण करतच राहतात. सिमेंटच्या पत्र्यांवर पाय देऊ नये, कारण ते अचानक तुटतात. त्यांत अॅस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज) असण्याची शक्यता असल्यास तुकडे कोरडे झाडू नयेत.

ताडपत्री टाकण्यापूर्वी प्रत्येक नुकसानीचे दुरून एक आणि जवळून एक छायाचित्र घ्यावे. वाऱ्याने वाकलेल्या सांध्यांतून पाणी उशिरा झिरपते, तेव्हा पहिल्या जोरदार पावसानंतर छताची खालची बाजू पुन्हा तपासावी.