परदेशातल्या मानवी हक्कांसाठी निवेदन देताय? या चुका टाळा

जळगाव असो की धुळे, प्रश्न पेटला की पावलं थेट कलेक्टर कचेरीकडे वळतात. म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता बळकावली, त्याबद्दल भारतानं बोलावं असं वाटत असेल तर तिथे हेलपाटा घालू नका. परराष्ट्र व्यवहार केंद्राच्या अखत्यारीत आहेत. जिल्हाधिकारी फार तर निवेदन पुढे धाडतील. खासदारांना गाठा, परराष्ट्र मंत्र्यांना प्रश्न विचारायला लावा. लोकसभेत त्यासाठी पूर्ण १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणून अधिवेशन तोंडावर येण्याआधीच जा.

प्रश्नाचा मसुदा तुम्हीच करून न्या, कारण घोडं अडतं ते इथेच. ‘खुनी राजवट’ वगैरे लिहू नका. लोकसभेच्या नियम ४१ प्रमाणे मित्रदेशाचा अनादरानं उल्लेख करणारा प्रश्न चालत नाही, आणि तो साधारण १५० शब्दांत बसावा लागतो. दुसरी खोट कराराची. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या करारात म्यानमार सामीलच नाही, त्याचा हवाला दिलात की मुद्दा तिथेच पडला. बालहक्कांच्या करारात मात्र तो आहे. म्हणून ‘लोकशाही परत आणा’ एवढ्यावर थांबू नका. अटकेतल्या मुलांचा विषय भारतानं कुठल्या बैठकीत काढला, उत्तर काय मिळालं, असं नेमकं विचारा.

‘सगळा व्यापार तोडा’ ही मागणीही घाईची. जळगावच्या डाळ मिलवाल्यांना विचारा. जून २०२१ मध्ये म्यानमारकडून वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आणायचं ठरलं. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतल्या म्यानमारविषयक ठरावावर भारत तटस्थ राहिला. लगेच दोन्हींची गाठ मारू नका, १,६४३ किलोमीटरची सीमाही सांभाळायची आहे. तिकडे तूर पिकवणाराही शेतकरीच. लष्कराच्या मालकीच्या कंपन्यांशी व्यवहार होतो का, हे विचारणं जास्त कामाचं.

एक गोष्ट कळकळीनं सांगते: अटकेतल्या माणसाचं नाव घरच्यांच्या संमतीशिवाय कुठेही छापू नका. आपलं पत्रक इथे वाटलं जातं, त्रास तिकडे त्यांना होतो.

‘आधी आपल्या घरात बघा’ असं कुणी म्हणालं तर उडवून लावू नका. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत साधारण साडेचार वर्षांनी प्रत्येक देशाचा आढावा होतो, भारताचा नोव्हेंबर २०२२ मध्ये झाला. त्यात आपल्याला आलेल्या शिफारशी वाचून ठेवा. म्यानमारची पाळी येईल तेव्हा तुमच्या संस्थेलाही २,८१५ शब्दांपर्यंत लेखी म्हणणं पाठवता येतं, फक्त मुदत आढाव्याच्या बरीच आधी संपते.