जुन्या मॅसीचा क्लच: उघडण्याआधी काय बघायचं, उघडल्यावर काय करायचं

क्लच गेला म्हणून कुणी मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर घेऊन आलं की मी आधी एकच विचारतो: घसरतोय, की सुटत नाही? नांगराला जोर आला की इंजिन ओरडतं आणि चाक रेंगाळतं, तर घसरतोय. पेडल पूर्ण दाबूनही गिअर खरखरतो, तर सुटत नाही.

हे दुसरं दुखणं पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचं. क्लचची प्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकाला, चिकटते. लगेच पाना उचलू नका. पेडल दाबून सीटला दांडा टेकवा आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चांगलं गरम होऊ द्या. पुष्कळदा एवढ्यावर सुटते. गिअरमध्ये स्टार्ट करून ब्रेक मारायची युक्ती कुणीतरी सांगेलच. शेडमध्ये तर मुळीच नको, भिंत जाते.

घसरत असेल तर बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या, तळाचं भोक बघा, त्यात कॉटर पिन लोंबत असते. तिथून तेल ठिबकतंय? बोटावर घ्या. काळं, पातळ असेल तर क्रँकचं मागचं सील गेलंय. दाट, उग्र वासाचं असेल तर इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं. सील न बदलता नवी प्लेट टाकली की पैसे पाण्यात.

आता उघडणं. मॅसी 1035 ला वेगळी चासी नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स हाच कणा, म्हणून क्लचसाठी ट्रॅक्टर मधून दोन करावा लागतो. पुढचा ॲक्सल मधल्या पिनेवर झुलतो. तेव्हा आधी त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका, नाहीतर बोल्ट निघताच इंजिन कुशीवर कलंडेल. मागच्या चाकांना दगड, गिअरबॉक्सखाली भक्कम घोडी. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून हात आत घालू नये. बॅटरी, वायरिंग, स्टिअरिंगचे रॉड सोडवून इंजिन सरळ पुढे ओढा.

आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, प्लेटवरच्या घासणाऱ्या थरात, म्हणजे जुन्या लायनिंगमध्ये, ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे ढिले करा. ड्युअल क्लच (चाकांसाठी एक प्लेट, अवजार फिरवणाऱ्या शाफ्टसाठी दुसरी) असेल तर त्याचा संच प्रेसशिवाय खोलू नका, आत स्प्रिंग दाबलेल्या असतात.

नवी प्लेट बसवताना हबची, म्हणजे प्लेटच्या मधल्या भागाची, बाजू जुनीसारखीच हवी, म्हणून काढतानाच खूण करा. मध्य साधायला भंगारातला जुना इनपुट शाफ्ट उत्तम. पायलट (फ्लायव्हीलच्या मध्यात शाफ्टचं टोक धरणारं) आणि रिलीज (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) बेअरिंग दोन्ही नवी टाका. रिलीज बेअरिंग डिझेलने धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टवरच्या दात्यांवर, ग्रीसचा हात फिरवला की पुरे. जास्तीचं प्लेटवर उडतं.

जोडताना इंजिन बोल्टने ओढून घेऊ नका. अडलं तर फ्लायव्हील थोडं फिरवा, स्प्लाइन आपोआप बसतात. शेवटी पेडलची मोकळी चाल पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे लावा. चालच उरली नाही तर रिलीज बेअरिंग फिंगरवर (प्रेशर प्लेट उचलणाऱ्या तरफांवर) टेकलेलं राहतं आणि नवी प्लेटही घसरायला लागते. थोडं काम झालं की चाल पुन्हा तपासा, लायनिंग बसल्यावर ती कमी होते.