ब्लूटूथने मोठी फाईल पाठवताना या चुका टाळा

लग्नाचा व्हिडिओ ब्लूटूथने पाठवला, पलीकडे फाईल दिसतेय, पण उघडत नाही. अशा वेळी डेटा हवेतच बिघडला असं वाटतं. प्रत्यक्षात ब्लूटूथ प्रत्येक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, तपासतं आणि चुकलेलं पुन्हा मागवतं. त्यामुळे खराब वाटणारी फाईल बहुतेकदा अर्धवट आलेली असते. मोबाईलच्या एमपी४ व्हिडिओची अनुक्रमणिका सहसा फाईलच्या शेवटी असते, झिपचीही तशीच. शेवटचा तुकडा राहिला की नव्वद टक्के येऊनही व्हिडिओ सुरूच होत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पलीकडे नाव दिसलं की लगेच मूळ फाईल उडवणं. कृपा करून असं करू नका. आधी दोन्हीकडची साईज बाईटमध्ये जुळवा. एमबी-जीबीच्या आकड्यांवर जाऊ नका, कारण बरेच फोन 1000 च्या हिशेबाने मोजतात आणि विंडोज 1024 च्या. फोनवरची 1 जीबीची फाईल विंडोजवर 953 एमबी दिसते, आणि माणूस उगाच घाबरतो. साईज जुळली तर व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत सरकवून पाहा. महत्त्वाची कागदपत्रं असतील तर दोन्हीकडे एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाईलमधल्या डेटावरून निघणारा ओळखीचा कोड, काढा आणि जुळवा. कॉम्प्युटरवर सेव्हन-झिप या प्रोग्रॅममध्ये त्याची सोय आहे.

दुसरी चूक वेळेचा अंदाज न घेण्याची. ब्लूटूथने सेकंदाला जेमतेम 2 मेगाबिट मिळतात, म्हणजे 1 जीबीला तासाभराहून जास्त. तेवढ्यात बॅटरी सेव्हर चालू झाला किंवा कुणी फोन खिशात घालून बाहेर गेलं की काम तुटतं, आणि साध्या ब्लूटूथ शेअरिंगमध्ये ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. दोन्ही फोन चार्जिंगला लावून शेजारी ठेवा. ब्लूटूथ इअरफोन तेवढा वेळ बंद ठेवा आणि चालू मायक्रोवेव्हपासून लांब राहा, कारण ब्लूटूथप्रमाणे तोही 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतो.

घेणाऱ्याकडे जागा आहे ना, हेही आधी बघा. एफएटी-३२ फॉरमॅटच्या मेमरी कार्डावर 4 जीबीची फाईल मावतच नाही, कार्ड रिकामं असलं तरी.

माझं स्पष्ट मत, शंभर एमबीच्या वर ब्लूटूथच्या वाटेला जाऊच नये. अँड्रॉइडवर क्विक शेअर, आयफोन-आयफोनमध्ये एअरड्रॉप वापरा. ही दोन्ही सहसा ब्लूटूथने फक्त समोरचा फोन शोधतात आणि फाईल वाय-फायने पाठवतात. कॉम्प्युटरवर घ्यायची असेल तर सरळ केबल लावा.